विश्वास थंड पडतो तेव्हा

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांमध्ये एखादा माणूस दोन-तीन महिने उपासनेला दिसला नाही, की त्याच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य बोललं जातं : तो विश्वासात थंड पडलाय. मग निदानही ठरलेलंच असतं. वचन वाचणं सुटलं असेल, घरात काही लपवलेलं पाप असेल, ओव्हरटाइमच्या पैशामागे लागला असेल. उपायही ठरलेला, उपवास-प्रार्थना आणि एखादी संजीवन सभा. या निदानात कधीच तथ्य नसतं, असं म्हणता येणार नाही. पण प्रार्थनेला बसल्यावर मन न लागणं, शास्त्र वाचताना नुसत्या ओळी डोळ्यांखालून जाणं, देव आहे हे मान्य असूनही तो कुठेच न जाणवणं, या अवस्थेबद्दल ख्रिस्ती परंपरेने सोळाशे वर्षांत जे जमवून ठेवलं आहे ते या झटपट निदानापेक्षा कितीतरी बारकाईचं आहे. ते एकत्र ठेवून पाहिलं की लक्षात येतं, आपण एका शब्दाखाली निदान तीन निराळ्या गोष्टी कोंबतो : दमलेलं शरीर, दुखावलेलं किंवा आजारी मन, आणि प्रार्थनेच्या वाटेवरच भेटणारा खरा काळोख. तिन्हींवरचे उपाय सारखे नाहीत, काही तर एकमेकांच्या उलट आहेत. माझं म्हणणं असं, की कोरड्या काळात भावना परत आणायची धडपड सोडावी आणि भावनेवाचूनही टिकेल अशी छोटी, ठरलेली, चारचौघांबरोबरची उपासना धरून ठेवावी. आणि ती जमावी म्हणून वेळापत्रक बदलण्याचा भार थकलेल्या माणसावर टाकू नये, तो मंडळीने उचलावा.

जुन्यांपासून सुरुवात करू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस या तपस्व्याने दुपारी छळणाऱ्या एका भुताचं वर्णन केलं आहे. साधूला वाटतं, सूर्य जागचा हलतच नाही. तो सारखा खोपटाबाहेर डोकावतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते पाहतो, ही जागा सोडून दुसरीकडे गेलो तर बरं होईल म्हणतो, आणि आपल्या भावांमध्ये प्रेम उरलं नाही अशी त्याची खात्री पटते. पुढे कॅसियन या साधूने हे सगळं पश्चिमेकडच्या मठांत नेलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या लोकांनी कंटाळ्याला वेळ दिली, जागा दिली, लक्षणं दिली. आणि त्यावरचा उपाय अगदी साधा सांगितला : जागा सोडू नकोस, हाताने काहीतरी काम कर, ठरलेल्या प्रार्थना ठरलेल्या वेळी म्हण. त्यात कुठेही उत्साह वाढवायची युक्ती नाही. त्यांच्याही आधीचं स्तोत्रसंहितेचं पुस्तक घ्या. त्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला आशेची ओळसुद्धा जोडलेली नाही. ज्यांनी हे पुस्तक देवाच्या घरात गायला ठेवलं, त्यांना कोरडेपणाची लाज वाटत नव्हती. आपल्या रविवारच्या साक्षींमध्ये मात्र फक्त विजयच सांगितला जातो. नोकरी लागली, आजार गेला, मुलगी पास झाली. ज्याच्याकडे या आठवड्यात असं काही नाही तो गप्प बसतो, आणि पुढच्या आठवड्यात येतच नाही.

सोळाव्या शतकात या अनुभवाचं शास्त्र म्हणता येईल असं काही उभं राहिलं. लोयोलाच्या इग्नेशिअसच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, जे १५४८ साली छापलं गेलं, कोरड्या काळासाठी नियम दिले आहेत. कोरडेपणाची कारणं तो तीन सांगतो : आपलाच आळस, आपली परीक्षा, आणि सांत्वन ही आपल्या मालकीची वस्तू नाही हे कळावं म्हणून. आळसाला तो पहिलं स्थान देतो, तेव्हा मंडळीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. पण तो तिथे थांबत नाही. अशा काळात आधी घेतलेला कोणताही निर्णय बदलू नये, हा त्याचा नियम मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. मंडळी सोडावी, नेम मोडावा, सेवा थांबवावी असं नेमकं याच दिवसांत वाटतं, आणि नेमक्या याच दिवसांत आपला अंदाज सगळ्यांत कमी भरवशाचा असतो. त्याच शतकातला स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस. १५७७ साली त्याच्याच संघातल्या भावांनी त्याला पकडून टोलेडोच्या मठात एका अरुंद कोठडीत सुमारे नऊ महिने डांबलं होतं. ‘आत्म्याची काळी रात्र’ हा त्याचा शब्दप्रयोग आज कुणीही कशालाही लावतो, पण स्वतः त्याने तो फार काटेकोरपणे वापरला. ती रात्र देवाकडूनच आली आहे हे ओळखायला त्याने तीन खुणा दिल्या. देवाच्या गोष्टींत गोडी नसते तशी जगातल्या इतर कशातही नसते. आपण देवाची सेवा करत नाही आहोत ही टोचणी मनाला असते. आणि पूर्वीसारखं मनन करायचं म्हटलं तरी करता येत नाही. यातली दुसरी खूण आळशी माणसाला सरळ वेगळं काढते, कारण आळशाला टोचणी नसते. शिवाय यात खिन्नतेचा आजारही मिसळलेला असू शकतो, हे जॉनने तेव्हाच लिहून ठेवलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर, धर्मगुरूला डॉक्टरकडे बोट दाखवावं लागेल अशा शक्यतेला त्याने जागा ठेवली.

आता पुण्याकडे येऊ, कारण या विषयातला विसाव्या शतकातला सगळ्यांत बोलका दाखला आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर खळबळ उडाली. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये काम सुरू झाल्यापासून १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मधला एक थोडका काळ सोडला तर, त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. वृत्तपत्रांनी यातून ढोंगाची बातमी केली, काही भक्तांनी घाईघाईने त्यावर संतपणाची झालर लावली. या दोन्हींपेक्षा मला त्यातला एक साधा प्रसंग मोलाचा वाटतो. १९६१ साली एक येझुइट धर्मशास्त्री कोलकात्यात त्यांच्या भगिनींसाठी एकांतसाधना घ्यायला गेले, आणि मदरनी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. ते होते फादर योसेफ नॉयनर. मूळचे ऑस्ट्रियाचे. पुण्यात नगर रस्त्यावर, आजच्या विमाननगरजवळ, धर्मगुरू घडवणाऱ्या ज्या संस्था आहेत तिथे त्यांनी आयुष्यातली कित्येक दशकं शिकवलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतही तज्ज्ञ म्हणून काम केलं, आणि २००९ साली वयाच्या १०१ व्या वर्षी पुण्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी मदरना सांगितलेल्या गोष्टी तीन. यावर माणसाच्या हातात काही इलाज नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. देव जाणवणं हा देव जवळ असल्याचा एकमेव पुरावा नाही, उलट त्याची एवढी ओढ लागणं हीच तो असल्याची खूण आहे. आणि ज्यांना कुणी विचारत नाही अशांमध्ये तुम्ही जे काम करता, त्याच कामाची ही आतली बाजू आहे. या सल्ल्याने काळोख हटला नाही. मदरचा काळोखाकडे पाहण्याचा डोळा मात्र बदलला, आणि त्या काळोखावरच आपलं प्रेम बसू लागलं आहे असं त्यांनी नॉयनरना कळवलं. एखाद्या मुरलेल्या डॉक्टरने गोळी न देता नुसतं आजाराचं नाव सांगावं आणि रोग्याचा निम्मा भार उतरावा, तसं ते झालं.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. महाळुंग्याच्या किंवा खराबवाडीच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या, कंत्राटदाराच्या हजेरीवर लाइनीवर उभ्या असलेल्या तरुणाला मदर तेरेसांचं उदाहरण देऊन मोकळं होणं हा शुद्ध आळस आहे, आणि या वेळी आळस सल्ला देणाऱ्याचा. त्याचा कोरडेपणा बहुतेक वेळा काळ्या रात्रीचा नसतो, रात्रपाळीचा असतो. राजांच्या पहिल्या पुस्तकातला एलीया पाहा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवल्यानंतर तो रानात एका झुडपाखाली पडतो आणि देवाकडे मरण मागतो. तिथे दूत त्याला पश्चात्ताप करायला सांगत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी असतं, तो खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवून परत खाऊ घातलं जातं. देव त्याच्याशी बोलतो ते यानंतर, तेही पुष्कळ चालणं झाल्यावर. लूकच्या शुभवर्तमानात तर गेथशेमाने बागेत शिष्य झोपले ते दुःखामुळे, असं स्पष्ट कारण दिलं आहे. थकवा आणि दुःख विश्वासाच्या आड येतात, हे शास्त्राने लपवलेलं नाही.

या पट्ट्यातल्या थकव्याला स्वतःचं वेळापत्रक आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग टेल्को आणि बजाज आल्या, भोसरीची एमआयडीसी भरली, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चाकणभोवतीची शेतं वाहन कारखान्यांखाली गेली. पाळ्या फिरत्या असतात. एका आठवड्यात पहाटे कंपनीची बस पकडायची, दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्रीच्या सुमाराला खोलीवर परतायचं, तिसऱ्या आठवड्यात उजाडताना झोपायचं. त्यात तळवडे चौकातली किंवा चाकणच्या नाक्यावरची कोंडी. आणि मुख्य म्हणजे इथल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी सुट्ट्यांचे वार विभागले गेले, तेव्हापासूनची ही रीत. देखभालीसाठी महावितरणचा वीजपुरवठाही औद्योगिक भागात गुरुवारीच बंद राहतो. याचा उपासनेवर होणारा परिणाम कुणी मोजायला बसत नाही. ज्याची पहिली पाळी रविवारी सकाळी असते आणि सुट्टी गुरुवारी, त्याला आठवडाभरात एकही मंडळी भेटत नाही. गावाकडे, म्हणजे नगर, जालना, श्रीरामपूर, संगमनेरकडे, त्याचा विश्वास एकट्याचा कधीच नव्हता. दुष्काळाच्या आणि मिशनच्या काळात त्याच्या पणज्यांनी वस्तीनिशी ख्रिस्त स्वीकारला, वस्तीनिशी गायलं, आणि ते वस्तीनिशी हरेगावच्या यात्रेला किंवा वार्षिक सभेला गेले. तो आधार काढून घेऊन त्याला मोबाइलवरच्या प्रवचनांवर सोडलं, की कोरडेपणा येणारच. याला आत्म्याचं गूढ म्हणायचं की रोस्टरचा दोष? कोरडा पडलेला माणूस स्वतःच हा फरक पाहू शकत नाही, म्हणून तो इतरांनी पाहायला हवा.

उपाय अवघड नाही. गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या-पाऊण तासाची उपासना ठेवावी : एक स्तोत्र, एक वाचन, प्रभूची प्रार्थना, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं एखादं गीत, बस. कॅथलिकांच्या परंपरेत तर गुरुवारच्या रात्रीचा एक तास गेथशेमानेच्या आठवणीत जागून काढण्याची प्रथा सतराव्या शतकापासून आहे. पट्ट्यातल्या सुट्टीचा वार आणि त्या बागेतल्या रात्रीचा वार एकच निघाला हा योगायोग आहे, पण कामाला येणारा योगायोग आहे. प्रवचन नको, हात वर करून ओरडण्याची सक्ती नको, कसं वाटतंय याची चौकशीही नको. वाटणं-न-वाटणं उंबऱ्याबाहेर ठेवता येईल अशी एक जागा असली, की कोरड्या माणसाला परत यायला लाज आड येत नाही. भावनेवर उभी केलेली सभा त्याला नेमकी तीच गोष्ट विचारते जी त्याच्याकडे नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे : मन नसताना ओठांनी प्रार्थना करणं हे ढोंग नव्हे का? येशूने स्वतः व्यर्थ बडबडीवर टीका केली आहे. पण ती टीका लोकांना दाखवण्यासाठी, किंवा शब्दांच्या संख्येने देव वळेल या समजाने केलेल्या प्रार्थनेवर आहे. त्याच प्रसंगी त्याने शिष्यांना पाठ म्हणता येईल अशी एक छोटी प्रार्थना दिली. आणि क्रूसावर त्याच्या तोंडून आलेला त्यागाचा आक्रोश हाही एका जुन्या स्तोत्राचा आरंभ आहे. कोरड्या घटकेला उसने शब्द वापरणं ढोंगात जमा होत असेल, तर तो आक्रोशही ढोंगच म्हणावा लागेल. मराठी माणसाला तर हा प्रश्न फार पडू नये, कारण नेम ही गोष्ट त्याच्या आजूबाजूला सर्वत्र आहे. चाकणच्या एमआयडीसीला लागून असलेला भामचंद्र डोंगर आणि देहूजवळचा भंडारा ही तुकोबांची साधनेची ठिकाणं. १६३० च्या दुष्काळात घरातली माणसं आणि व्यापार दोन्ही गमावलेला हा माणूस देवाशी भांडला, रुसला, तो भेटत नाही म्हणून तळमळला, आणि तरी त्याने नाम सोडलं नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. टिळकांनी भजनं लिहिली, कीर्तनं केली, आणि १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला, कारण विलायती साच्यातली मंडळी त्यांना इथल्या मातीत रुजताना दिसत नव्हती. त्यांच्या वेळी यावर दोन धर्मांच्या मिश्रणाचा आरोप झाला, आजही होईल. पण वारीला जाणारा शेतकरी पाऊस आहे की नाही पाहून चालत नाही, हे या पट्ट्यातल्या ख्रिस्ती माणसाला आळंदी रस्त्यावर दरवर्षी दिसतं. त्यातून शिकायला धर्मांतर लागत नाही.

दुसरा आक्षेप संजीवनाच्या बाजूने येतो. आगीशिवाय विश्वास म्हणजे मेलेली राख, असं पट्ट्यातल्या अनेक फेलोशिपमध्ये मानलं जातं. हे मला हलक्याने उडवून लावायचं नाही. नव्याने आलेल्या पोराला खोली शोधून देणं, रात्री अकराला फोन उचलणं, दवाखान्यात सोबत जाणं, ही कामं मोठ्या जुन्या चर्चपेक्षा याच छोट्या गटांनी अधिक केली आहेत. शिवाय आगीचा सगळ्यांत मोठा दाखलाही आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात मुलींमध्ये जे संजीवन उसळलं, त्याची बातमी जगभर गेली. पण पंडिता रमाबाईंचं पूर्ण आयुष्य समोर ठेवावं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही. हे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिलं. म्हणजे त्यांची साक्ष विजयापुरती नाही, मधल्या रिकाम्या वर्षांचीही आहे. आणि १९०५ चा जाळ शांत झाल्यावर त्या काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर करत होत्या. मुक्तीच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या, प्रुफं येत होती, जात होती. १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती एक मुलगी गेली, तरी काम थांबलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या तेव्हा ते हातावेगळं होत आलं होतं. त्या वर्षांत त्यांना आतून काय वाटत होतं यावर मी काही दावा करणार नाही. एवढंच म्हणतो की संजीवनाचे दिवस थोडे होते आणि प्रुफांची वर्षं पुष्कळ होती.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, कामावर हात चालेना, जगणं नको वाटू लागलं, तर ते आध्यात्मिक कोरडेपणाच्या नावाखाली झाकणं धोक्याचं आहे. वायसीएम रुग्णालयात किंवा ईएसआयच्या दवाखान्यात जाणं हा अविश्वास नव्हे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, आणि तो क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर उपवास-प्रार्थनेच्या तारखेशेजारी लागायला हरकत नसावी. मात्र उलटी चूकही होते. गोळीने झोप आली तरी प्रार्थनेत देव जाणवेलच असं नाही. दोन्ही प्रश्न एका माणसात एकाच वेळी असू शकतात, आणि एक सुटला म्हणून दुसरा सुटत नाही. बायकांच्या बाबतीत हे अधिकच खरं. पॅकिंगच्या खात्यात आठ तास उभं राहून घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईला भल्या पहाटेच्या प्रार्थनेचा आग्रह धरणाऱ्याने आधी तिच्या घरी भांडी कोण घासतं ते पाहावं.

राहता राहिला तो खरा काळोख, जो झोपेने जात नाही, औषधाने जात नाही, आणि वर्षानुवर्षं राहू शकतो. अशा माणसाला मंडळीत काय जागा द्यावी, याचं उत्तर पुस्तकांत कमी सापडतं. नॉयनरनी मदरना काम थांबवायला सांगितलं नाही, हे इथे ध्यानात घ्यावं. साक्ष द्यायला त्याला उभं करू नये, पण वाचनाच्या यादीतून त्याचं नावही काढू नये. आवाज कोरडा असला तरी शास्त्र वाचलं जातं. प्रभुभोजनाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, मयतीच्या घरी जाणं, हिशेबाची वही, यातलं काहीही भावनेवर अवलंबून नाही. आणि हाच माणूस कधी कधी स्वतः पाळक असतो. पट्ट्यातल्या छोट्या मंडळ्यांमध्ये नोकरी सांभाळून दर आठवड्याला पेटलेलं प्रवचन देण्याची अपेक्षा ज्याच्याकडून केली जाते, त्याने आपल्या कोरड्या दिवसांबद्दल बोलावं कुणापाशी? शेजारच्या मंडळीचा पाळक, मग ती कॅथलिक असो, मेथडिस्ट असो की पेंटेकॉस्टल, महिन्यातून एकदा चहाला भेटला तर ही सोय होईल. गुरुवारी दोघांनाही वेळ असतो.